बाबांचा अंगठा मशीनला पटत नाही

सिन्नरफाटा
१२ नोव्हेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही म्हणून लिहितेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे बाबा ८१ वर्षांचे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, म्हणजे नोटांच्या प्रेसमध्ये. १९६८ ला लागले, २००४ ला रिटायर झाले. आमच्या पट्ट्यात, जेलरोड उपनगर सिन्नर फाटा, घरटी एक माणूस प्रेसमधलं असायचंच, त्यामुळे "वडील काय करतात" या प्रश्नाला नुसतं "प्रेस" एवढं उत्तर पुरायचं आणि बाहेरच्या माणसाला वाटायचं पेपरात आहेत. बाबांचं काम छापून आलेली शीटं तपासायचं. अंगठ्याने एकेक शीट उचलायचं, उजेडात धरायचं, शाई फाकली का, नंबर सरकलाय का, वॉटरमार्क जागेवर आहे का, आणि पुढचं शीट. छत्तीस वर्षं हेच. होशंगाबादचा कागद कोणता आणि बाहेरून आलेला कोणता हे ते डोळे मिटून सांगायचे. किराणावाल्याने परत दिलेली नोट खिशात टाकायच्या आधी अंगठ्याने चोळायची सवय अजून आहे, दहाची असली तरी.

तर नोव्हेंबर म्हणजे पेन्शनसाठी हयातीचा दाखला. गेली दोन-तीन वर्षं कसंबसं जमत होतं, यंदा बँकेत गेलो तर मशीन बाबांचा अंगठा घेईना. उजवा नाही, डावा नाही, मग तर्जनी, मग मधलं बोट. "काका बोट डोक्यावरून फिरवा जरा, तेल लागलं की घेतं." फिरवलं. रुमाल ओला करून पुसलं. मग कोरडं करून पुसलं. मी मोजत होते, अकरा वेळा झालं. मागे रांग, सगळे ह्यांच्याच वयाचे, कोणी काठी घेऊन कोणी सुनेला घेऊन.

काउंटरवरचा माणूस चांगला आहे हो, बाबांना पंधरा वर्षं ओळखतो, नावाने हाक मारतो. तोच शेवटी म्हणाला, "काका तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, पण सिस्टीमला नाही दिसत." सगळे हसले, बाबा पण हसले. रिक्षात बसल्यावर मात्र अंगठ्याकडे बघत होते, आणि बिटको चौक आला तेव्हा म्हणाले, "घासला गेला असेल. एवढी शीटं उचलली."

बाबांना वाईट वाटलंच, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये तो काउंटरवरचा माणूस. त्याला दिसतंय, त्याला माहितीय, आणि तरी त्याच्या हातात काही नाही. पूर्वी हाच माणूस समोर बघून सही करायचा आणि विषय संपायचा. आता सही करायची सोय बहुतेक अजून असेलही पण त्याला ती करायची भीती वाटते, "वरून विचारतील ऑनलाइन का नाही केलं". मी काही जुन्या काळचे गोडवे गाणारी नाही. सीएच्या ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरते, दर महिन्याच्या २० तारखेला मी आणि कॉम्प्युटर एकमेकांचं तोंड बघत बसलेलो असतो. तरी विचारते, ही खिडकीपलीकडची माणसं अशी नुसती निरोप्या कधी झाली? तुमच्याकडे काय अनुभव?

---

कोडकर
१२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, आधी कामाचं सांगतो. कागदी दाखला अजून चालतो, बँकेत अधिकाऱ्यासमोर फॉर्म भरून सही करता येते, नाही म्हणाले तर तो नकार लेखी द्या म्हणा, बघा कसा फॉर्म निघतो ड्रॉवरमधून. दुसरं म्हणजे अंगठा सोडा, चेहऱ्यावरून होतं आता, २०२१ पासून आहे ही सोय. आधारचं फेस आरडी ॲप आणि जीवन प्रमाण ॲप, दोन्ही तुमच्याच मोबाईलवर टाका, घरी बसून होईल. ते पण नको असेल तर पोस्टमन घरी येतो, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे ७० रुपये घेतात. आणि ऐंशीच्या पुढच्यांना १ नोव्हेंबरची वाट बघायची गरज नसते, १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा म्हणजे रांगच नाही.

आता जरा मशीनची बाजू. बोटांच्या रेषा जिथे संपतात आणि जिथे फाटा फुटतो ते बिंदू मशीन टिपतं आणि आधी साठवलेल्या बिंदूंशी ताडून बघतं. वयाप्रमाणे कातडी कोरडी होते, रेषा सपाट होतात, आणि हाताने काम केलेल्या माणसाच्या तर आणखी. गवंडी, भांडी घासणाऱ्या बाया, शेतमजूर, सगळ्यांचा हाच त्रास. पण महत्त्वाची गोष्ट अशी की मशीन "हो" किंवा "नाही" म्हणतच नाही. ते फक्त किती जुळलं तेवढं सांगतं. किती जुळलं म्हणजे हो म्हणायचं ही रेघ कोणीतरी माणसाने बसून मारलेली असते. रेघ खाली घेतली तर लबाड माणूस दुसऱ्याच्या नावावर पेन्शन उचलणार, वर नेली तर तुमचे बाबा बाहेर राहणार. म्हणजे निर्णय माणसाचाच आहे, फक्त तो माणूस तुमच्यासमोर बसलेला नाही.

---

सिन्नरफाटा
१२ नोव्हेंबर, रात्री १०:३१

कोडकर, खूप आभार, फेसचं माहितीच नव्हतं. आणि तुमचं शेवटचं वाक्य म्हणजेच माझी तक्रार आहे की :-)

---

टवाळ पांडू
१२ नोव्हेंबर, रात्री ११:०२

टेक्नॉलॉजीच्या नावाने बोटं मोडायची आणि ती पण मोबाईलवर टाइप करून. पोस्टकार्ड टाका ना मग, प्रेसमध्येच छापतात.

---

सिन्नरफाटा
१२ नोव्हेंबर, रात्री ११:०९

पांडू, कॉम्प्युटरवरून लिहितेय. आणि एसटी लेट झाली म्हणून ओरडणाऱ्याला चालत जा म्हणतोस का?

---

द्राक्षबाग
१३ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

ताई रागावू नका पण मी पांडूच्या थोडा बाजूने आहे. दिंडोरी तालुका, साडेचार एकर थॉमसन द्राक्षं. तुम्ही म्हणता खिडकीवरचा माणूस सही करायचा. तुमच्याकडे करत असेल. आमच्याकडे साधा सातबारा काढायचा म्हणजे तीन चकरा, आज भाऊसाहेब (म्हणजे तलाठी) मिटिंगला, उद्या भाऊसाहेब सर्कल ऑफिसला, परवा भेटले की आधी टपरीवर चहा मग बाकीचं. आता डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयात, रात्री अकराला गादीवर लोळत काढतो. त्या खिडकीची मला तरी आठवण येत नाही. खिडकीतल्या माणसाच्या हातात असतं तेव्हा तो देतोच असं नाही ना, नडतो पण.

बागेत पण तसंच. बांधावर हवामानाचं यंत्र बसवलंय, पाऊस, वारा, पान किती तास ओलं राहिलं ते मोजतं आणि मोबाईलवर सांगतं की डाऊनीचा, म्हणजे पानावरच्या बुरशीचा, धोका आहे का नाही. पहिल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर माझ्या चार फवारण्या वाचल्या, वडील वेड्यात काढत होते, शेजारी ब्लोअर घेऊन रोज सकाळी सुरू आणि हा पोरगा मोबाईल बघत बसलाय. दुसऱ्या वर्षी मात्र फसलो. यंत्र म्हणतंय पान कोरडं, आणि बागेत शिरलो तर पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. जाऊन बघितलं तर सेन्सरवर कोळ्याने जाळं केलेलं. तीन ओळी डाऊनीने गेल्या. आता यंत्र पण बघतो आणि पायजमा पण बघतो.

एक्स्पोर्टला तर ह्याच्याशिवाय इलाज नाही. २०१० ला सीसीसी नावाच्या औषधाच्या अवशेषावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, आठवत असेल जुन्या लोकांना, कित्येक घरं त्या वर्षी झोपली. आता ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या ऑनलाइन नोंदणीवर, प्लॉटचा नंबर असतो, पेटी तिकडच्या दुकानात पोचली तरी कुठल्या बागेतली ते कळतं. चूक माझी असेल तर मीच धरला जाणार, गावातल्या दुसऱ्याच्या चुकीने मी नाही मरणार.

पण एक खरं सांगतो, कांद्याचं मात्र गणित मला उलटं वाटतं. लासलगावचा लिलाव सुरू झाला की पाच मिनिटात भाव ग्रुपवर, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. आम्हाला वाटलं होतं आता व्यापारी फसवू शकणार नाही. झालं काय, भाव चढला दिसला की सगळा जिल्हा त्याच रात्री चाळीतून कांदा काढतो, सकाळी बाजार समितीच्या बाहेर रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि पिकअपची लाईन, आणि दुपारपर्यंत भाव खाली. माहिती सगळ्यांना एकदम मिळाली की ती एकट्याच्या काय कामाची? पूर्वी माझ्या चुलत्याला लासलगावात एक ओळखीचा हमाल होता, तो फक्त चुलत्याला सांगायचा. तेवढीच मजा होती :-)

निघतो, लाईट सकाळची आहे.

---

जुना गंगाघाट
१३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

द्राक्षबाग, फार छान लिहिलंत. कोळ्याचं जाळं लक्षात राहील.

आम्ही पंचवटीतले, वय ७४, तेव्हा जरा इतिहास ऐकून घ्या. नव्या यंत्राची भीती आणि नव्या यंत्राचं वेड, दोन्ही ह्या गावाला नवीन नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म. हलती चित्रं बघून झपाटलेला माणूस, घरातलं होतं नव्हतं ते मोडून १९१३ ला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला आणि मग कंपनी नाशिकलाच हलवली. त्या काळात त्यांच्यापेक्षा नवी गोष्ट देशात कोणाकडे नव्हती. आणि अठरा वर्षांत, १९३१ ला, बोलपट आला. ज्याने सगळ्यांच्या आधी नवं आणलं तोच माणूस जुना झाला. एक बोलपट त्यांनी केला १९३७ मध्ये, पुढे नाही. १९४४ ला इथेच, नाशिकमध्ये, गेले, हलाखीत. आपण पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारकात फोटो काढतो तेव्हा ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. कोडकरसाहेब, तुमच्यासारख्या तरुणांना हे विशेष सांगतोय, कारण आज रेघ मारणारे तुम्ही आहात.

दुसरी एक गोष्ट, ताजी. माझा मित्र, नाव नको. निवृत्त, बायको वारलेली, मुलगा परदेशात. त्याला फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये भानगड आहे, मग व्हिडिओवर खाकी कपड्यातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. डिजिटल अरेस्ट म्हणतात ते. असा काही प्रकार कायद्यात नाही हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर सांगितलं होतं, ह्याने ते ऐकलंही होतं, मला स्वतः सांगितलं होतं "कसली बावळट माणसं असतात". तोच दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून होता, जेवायला उठायची परवानगी मागत होता. तिसऱ्या दिवशी एफडी मोडायला बँकेत गेला, फोन खिशात चालूच. आता ऐका. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "काका, एवढी सगळी का मोडताय? घरी काही झालंय का?" हा गप्प. तिने कागद पुढे सरकवला आणि खुणेने लिहा म्हणाली. ह्याने लिहिलं: पोलीस. तिने फोन काढून घेतला आणि बंद केला.

ॲपवरून मोडायला गेला असता तर चार बटणांत काम झालं असतं. सिन्नरफाटा ताईंची खिडकी ती हीच.

---

कोडकर
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

काका, ऐकून काटा आला. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, १९३० हा नंबर, फसवणूक झाली की पहिल्या तासाभरात लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यांत फुटत जातात.

रेघ मारणाऱ्यांबद्दल, मान्य. पण आम्ही पण पगारी आहोत हो, रेघ कुठे मारायची ते आम्हालाही वरूनच येतं :-(

---

भांडीवाला
१३ नोव्हेंबर, दुपारी २:३०

दुपारचं गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितो. भांडी बाजारात दुकान आहे, आजोबांपासूनचं, तांबं-पितळ. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या त्यानंतर नाईलाजाने स्कॅनर लावला, आज दिवसाच्या गल्ल्यात रोख थोडीच असते. सुट्टे पैसे नाहीत म्हणून चॉकलेट द्यायची पद्धत गेली त्याचा मला आनंदच आहे. मधे पोरं पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून जायची, त्यावर उपाय म्हणून तो बोलणारा डबा आला, आता तो ओरडल्याशिवाय मी पिशवी सोडत नाही. ताईंच्या वडिलांनी ऐकू नये, पण नोट चोळून बघणारा माणूस आता माझ्याकडे महिन्यातून एखादा येतो.

पण आता कोडकर म्हणाले ते १९३०, त्याची दुसरी बाजू माझ्याकडून ऐका. मागच्या दिवाळीच्या आधी एका माणसाने पितळी समई नेली, २८५० रुपये, डबा बोलला, विषय संपला. महिन्याने माझं अख्खं चालू खातं गोठलं. का, तर त्या माणसाकडे आलेले पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले होते, त्यातले २८५० माझ्याकडे आले, म्हणून मी पण साखळीत. अहो मग २८५० धरून ठेवा, माझी काही हरकत नाही. दोन लाखांचं खातं बंद, व्यापाऱ्यांचे चेक परत, कारागिरांची मजुरी अडकली. बँकेत गेलो तर म्हणे आमच्या हातात नाही, तिकडच्या सायबर पोलिसांचा आदेश आहे. तिकडचे म्हणजे कुठले, तर दुसऱ्या राज्यातले, ज्या गावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. फोन लावला तर कोणी उचलत नाही, ईमेल केला तर उत्तर नाही, बँकेच्या हेल्पलाईनला लावला तर मराठीसाठी अमुक दाबा, अमुकसाठी तमुक दाबा, शेवटी "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" आणि सनई. सात आठवडे.

मला एकच पाहिजे होतं, कोणीतरी समोर बसून समईची पावती बघावी. पावती पुस्तकाचं कार्बन कॉपीचं पान माझ्याकडे होतं. ते दाखवायला जागाच नाही कुठे.

---

टवाळ पांडू
१३ नोव्हेंबर, दुपारी २:४१

भांडीवाले, हे मात्र वाईट झालं. सुटलं का शेवटी?

---

भांडीवाला
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

सुटलं. वकिलाने पत्र दिल्यावर. वकिलाची फी समईपेक्षा जास्त.

---

खडूफळा
१३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:५५

मी सिडकोतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. शाळेचं नाव विचारू नका.

नववीला निबंध दिला, माझी आजी. ३८ वह्या आल्या. त्यातल्या निदान पंचवीस आज्ज्या "अनुभवाचा अनमोल खजिना" होत्या, सगळ्या पहाटे उठून देवपूजा करत होत्या आणि सगळ्यांच्या "चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांमध्ये आयुष्याची कहाणी" लपलेली होती. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या शेवटी. पहिल्या वर्षी पोरं छापील उचलायची आणि पकडली जायची, आता हुशार झालीत, त्याला सांगतात की नववीतल्या मुलासारखं लिही, दोन चुका घाल. दोन चुका पण सगळ्यांच्या सारख्याच!

एकाच्या वहीत मात्र आजी मिश्री लावते, बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे आपल्या गोदावरीवरच्या) बाजारात पालेभाजी घेऊन बसते, उन्हाळ्यात भाजीवर गोणपाट ओलं करून टाकते आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की एका कानाने ऐकू येत नसल्याचं सोंग करते. पानभर शुद्धलेखनाच्या चुका. मी त्याला सगळ्यात जास्त मार्क दिले. दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला, "सर, आमच्या मुलीच्या निबंधात एकही चूक नाही आणि त्याला जास्त मार्क कसे?" मी म्हटलं ताई, तुमच्या मुलीला विचारा तिची आजी उठते किती वाजता. त्या म्हणाल्या, साडेआठला, मधुमेह आहे ना त्यांना. बरं, मग निबंधात पहाटे चार कसे? त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी विसरू शकत नाही: "सर, पण ते वाचायला चांगलं वाटतं ना."

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारं आपलं गाव. मी अजून तिथे जातो. मुलांना नेलं होतं एकदा, एकाने विचारलं, सर, इथे सर्च कुठे करायचं. राग आला होता, नंतर वाटलं, प्रश्न काही चुकीचा नाही, कपाटासमोर उभं राहून शोधायचं असतं हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

---

येवलेकरीण
१३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सर, आजीचा निबंध इथे टाका ना. (मुलाचं नाव न घालता.)

आमच्याकडे पण हेच चालू आहे, फक्त साडीत. माहेर-सासर दोन्हीकडे माग. पैठणीचा पदर हातमागावर विणला की उलट-सुलट दोन्हीकडून सारखा दिसतो, मागे सुटे धागे नसतात, कारण प्रत्येक रंगाची कांडी तेवढ्याच जागेत वेगळी फिरवतात. मशीनवरच्या सेमी पैठणीला मागे धाग्यांचं जंगल असतं. पूर्वी गिऱ्हाईक पदर उलटून बघायचं, आता मोबाईलवर फोटो बघून घेतात आणि फोटोत मागची बाजू नसते. संपलं.

आणि आता नवीन, एआयची चित्रं घेऊन येतात बायका. "अशीच पाहिजे." परवा एक आली, चित्रात बांगडी-मोर, इतका देखणा की मी पण बघत राहिले, मग माझ्या दिराने मोबाईल हातात घेतला, बोटांनी मोठं केलं आणि म्हणाला, ताई, ह्या मोराला तीन पाय आहेत. शिवाय नक्षीचा एक वेल काठातून निघून हवेतच संपत होता, तो धागा कुठून आणायचा आणि कुठे बांधायचा? तिला पटेना. "कॉम्प्युटरने काढलंय म्हणजे बरोबरच असणार."

---

कोडकर
१३ नोव्हेंबर, रात्री ९:२८

तीन पायांचा मोर :-D

अवांतर, पण गंमत म्हणून. कॉम्प्युटरचं मूळ मागातच आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला, भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. पुढे तेच पंच कार्ड कॉम्प्युटरात आलं. तेव्हा तुमचा दीर माझ्या धंद्यातलाच माणूस म्हणायचा.

---

येवलेकरीण
१३ नोव्हेंबर, रात्री ९:३३

दिराला सांगितलं. म्हणतो, मग पगार पण सारखा द्या.

---

द्राक्षबाग
१३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

कुंभाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. २०२७ ला इथे एआय कॅमेरे, गर्दी मोजणार म्हणतात. कसं वाटतं?

---

जुना गंगाघाट
१४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

मी २००३ च्या कुंभात घाटाजवळच होतो. २७ ऑगस्ट. रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत ३९ माणसं गेली. तेव्हा कॅमेरे वगैरे फार नव्हते. २०१५ ला आपल्याच नाशिकच्या पोरांनी रस्त्यावर टाकायची चटई केली होती, पाय पडला की मोजणारी, किती माणसं पुढे गेली ते पोलिसांना कळायचं. माझा त्याला पूर्ण पाठिंबा. साधी गोष्ट, नेमकं एकच काम.

प्रयागराजला २०२५ च्या कुंभात एआय कॅमेरे होते. तरी २९ जानेवारीला मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली, सरकारी आकडा ३० चा. आता कॅमेऱ्याने गर्दी दाखवली नसेल असं मला वाटत नाही. पण दिसल्यावर रस्ता बंद करा, ह्या बाजूला वळवा, असं म्हणायचा अधिकार त्या क्षणी, त्या चौकात, कोणाच्या हातात असतो? हवालदाराच्या हातात असेल तर कॅमेरा उपयोगाचा. तो पण "वरून आदेश येऊ द्या" म्हणत उभा राहणार असेल तर मग तुमच्या बँकेचंच झालं, फक्त रांग लाखांची.

---

सिन्नरफाटा
१४ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

गंगाघाट काका, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही म्हणालात, मला दोन दिवस जमलं नव्हतं.

आणि द्राक्षबाग भाऊ, तुमचा सातबारा माझ्या डोक्यात आहे. खरंय, नडणारी माणसं होती, त्यांच्या हातातून काढून घेतलं ते बरं झालं. पण काढताना सगळ्यांच्याच हातातून काढलं, चांगल्यांच्या पण. माझ्या काउंटरवाल्याला आणि तुमच्या भाऊसाहेबांना एकाच मापात मोजलं.

---

द्राक्षबाग
१४ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

हे मान्य ताई. आमच्या भाऊसाहेबांचं माप मोठं होतं पण :-)

---

सिन्नरफाटा
१६ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

अपडेट. आज रविवार, घरीच बसून केलं. कोडकरनी सांगितलेली दोन्ही ॲप टाकली. आधी माझा चेहरा द्यावा लागतो ऑपरेटर म्हणून, तो गेला. मग बाबांचा. त्यात डोळे मिचकवायला सांगतं, म्हणजे फोटो नाही जिवंत माणूस आहे हे कळावं म्हणून. आणि बाबा मिचकवेचनात! मी म्हणतेय बाबा मिचकवा, आई म्हणतेय अहो मिचकवा, ते टक लावून बघतायत. तीन वेळा लाल. मग आई म्हणाली, त्यांना छत्तीस वर्षं न मिचकवता बघायची सवय आहे, तू त्यांना काहीतरी बोलत ठेव. मी विचारलं, बाबा, शंभराच्या जुन्या नोटेवर मागे काय होतं? ते सांगायला लागले, डोळे हलले, हिरवं झालं. प्रमाण नंबरचा मेसेज पण आला. म्हणजे बाबा अधिकृतपणे जिवंत आहेत, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.

शेजाऱ्यांकडे प्रिंटर आहे, तिथून दाखल्याची प्रिंट काढून आणली, फाईलला लावायला. बाबांनी कागद हातात घेतला, वाचला नाही, कोपरा अंगठ्याने चोळला आणि म्हणाले, "सत्तर जीएसएम."

---

भांडीवाला
१६ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०५

वा वा! काकांना नमस्कार सांगा.

---

टवाळ पांडू
१६ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

आमच्या आजोबांचं पण राहिलंय. चेहऱ्याच्या वेळी चष्मा काढायचा का?

---

सिन्नरफाटा
१६ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३८

हो, आम्ही काढला. आणि खिडकीकडे तोंड करून बसव, उजेड चेहऱ्यावर पाहिजे. मागे कोणी उभं राहू नका, आई दोनदा मधे आली होती.